बेकरीतली टरफलं

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण बोगद्यातून पाणी झिरपतच होतं. आंबट, लोखंड, तांबं आणि जस्त विरघळलेलं. खालच्या ओढ्यातले दगड त्यानं तांबडेलाल करून टाकले होते. ते पाणी सुधारायचं काम वहिनीकडे होतं. आंबटपणा मारायला लागणाऱ्या चुनखडीची मंजुरी काही केल्या मिळेना, तेव्हा तिनं धाकट्या दिराला गळ घातली. त्याची बेकरी होती.

"भाऊजी, अंड्यांची टरफलं फेकता ना, ती मला द्या. चुनखडीचंच काम करतात."

"बेकरीत येऊन केक सोडून टरफलं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच, वहिनी!"

त्यानं पोती होती तशीच पाठवली. खाणीवर असा वास सुटला की पहारेकऱ्यानं खुर्ची उचलून फाटकाबाहेर मांडली. वहिनीनं दिराची चांगलीच हजेरी घेतली. तो फुरंगटला, जेवताना धड बोलेना. पुढची पोती मात्र वेगळी आली. टरफलं धुतलेली, पाव निघाल्यावर भट्टीच्या उरल्या धगीत वाळवलेली.

तिनं ती टाकीत पसरली आणि बोगद्याचं पाणी त्यांतून सोडलं. सुरुवातीला पाणी नितळ उतरलं. मग धार बारीक होत होत थांबली. टरफलांवर गंजाचा कडक पापुद्रा धरला होता.

बघायला आलेल्या दिराचं तोंड उतरलं. "एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणायची."

"पाण्यातच जायची होती ती," वहिनी हसली. "फक्त दाटी झाली. मध्ये काहीतरी पोकळ हवं."

तिनं सुताराकडून रंध्याखाली पडलेली लाकडाची सालपटं आणवली. दिरानं टरफलं बारीक कुटून दिली. दोघांनी गमबूट चढवून फावड्यांनी सगळं कालवलं.

"मैदा परवडला," तो धापा टाकत म्हणाला.

या वेळी धार थांबली नाही. काही आठवड्यांनी तपासणीत लोखंड आणि तांबं जवळजवळ गेलेलं दिसलं.

"म्हणजे आता पिता येईल?"

"छे! जस्त अजून जागचं हललेलं नाही."

"मग मिळवलं काय?"

"ओढा आणखी माखणार नाही. जस्ताचं बघू पुढे."

तो पाइपाशी उकिडवा बसला आणि ती स्वच्छ धार बराच वेळ बघत राहिला. मग पिशवीतून पाव काढला. वहिनीनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि अर्धा मोडून घेतला.