इंजिनातली करणी

जानेफळच्या पारासमोर जानरावची मेहकरला सवाऱ्या नेणारी जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्या उघड्या बॉनेटपुढे अर्धं गाव हात जोडून उभं होतं. धूपनाथ महाराज इंजिनाला धुपाटणं ओवाळत होते. पेट्रोलच्या इंजिनाजवळ निखारे नेऊनही कुणी भाजलं नाही, एवढाच काय तो त्यातला चमत्कार.

दव पडलेल्या सकाळी ही व्हॅन धक्के खायची, फटफट करत रस्त्यातच बंद पडायची. मेहकरच्या मिस्त्रीकडे नेईपर्यंत ऊन चढायचं आणि गाडी शहाण्यासारखी चालायची. मिस्त्रीला दोष सापडेना. महाराजांना मात्र बॉनेट उघडण्याआधीच सापडला.

"इंजिनात करणी बसली हाये! सकायी सकायी एका बाईची नजर पडते गाडीवर."

सकाळी अंगण झाडणारी शेजारीण एकच, रुखमाबाई. म्हातारी, एकटी, म्हणजे दोष द्यायला सोयीची. जानरावनं चारचौघांत तिचंच नाव घेतलं. तिला गाडीत घेणं बंद झालं. डोळे तपासायला मेहकरला जायचं होतं, तेही राहिलं. सकाळी दार उघडलं की लोक ओरडायचे.

आता पारासमोर धुपानंतर व्हॅन खरोखरच झकास सुरू झाली. जयजयकार झाला. तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडम पुढे आल्या. हातात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली.

"महाराज, करणी गेली न?"

"कायमची!"

"मंग मी तिले परत बोलावते."

इंजिन चालूच होतं. मॅडमनी लांबूनच प्लगच्या एकेका वायरीवर फवारा मारला. पहिलीला काही झालं नाही. दुसरी भिजली आणि इंजिन थरथरलं, फटफट सुरू! बॉनेटच्या सावलीत वायरीतून लोखंडावर निळी ठिणगी उडताना जानरावनं स्वतः पाहिली.

"काऊन हो महाराज," गर्दीतून कुणी विचारलं, "करणी बाटलीत राह्यते का?"

"हे त्या करणीचंच मायाजाल हाये," म्हणत महाराज धुपाटणं आवरू लागले.

मॅडमनी इंजिन बंद करून वायर काढली, वाकवली. रबराला तडा गेलेला. "दव पडलं का इथूनच करंट लोखंडात जाते. प्लगले ठिणगी भेटत नाही, एक सिलिंडर मुकं बसते. धुपाच्या शेकानं वायर वाळते. उन्हानंबी वाळते, फक्त ऊन नारळ मागत नाही."

जानरावनं नवी वायर आणून बसवली. मॅडमनी पुन्हा फवारा मारला. इंजिन एका लयीत चालत राहिलं. महाराज तोवर गावाबाहेर पडले होते.

जानराव रुखमाबाईच्या दारात गेला. "मावशी, चाल, मेहकरले नेतो. वायर फुटली होती. चुकलो मी."

"मायं नाव चारचौघांत घेतलं न? मंग हेबी चारचौघांतच सांग."

त्यानं पारावर उभं राहून सांगितलं. तिच्यावर ओरडणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग ती गाडीत बसली, पुढच्या सीटवर.

यंत्र बिघडलं तर यंत्र तपासावं, आणि एखाद्या बाईला दोष देणाऱ्याकडे आधी पुरावा मागावा. एवढ्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.