दाराकडची शिवण

गाडीत कोण कुठे बसणार हे गाडी बघायला जायच्या आधीच ठरलं होतं, आणि माझी जागा सगळ्यात मागे ठरली होती. मला कोणी विचारलं नाही. धाकट्या मुलाने कागदावर सात चौकोन काढले. दोन पुढे, तीन मध्ये, दोन मागे. शेवटच्या रांगेतल्या एका चौकोनात त्याने लिहिलं, 'आई अधिक सामान'. वर मलाच समजावतो, "आई, तू बारीक आहेस ना, तुला तिथे ऐसपैस होईल."

मी बारीक आहे, माझा गुडघा बारीक नाही. तो अडुसष्ट वर्षांचा आहे आणि दुमडला की तासभर उलगडत नाही. पण हे ऐकायला कोणाला वेळ होता? माझा राग नाकावर असतो असं घरात सगळे म्हणतात. तो तिथेच बसलेला असल्यामुळे त्याच्याकडे आता कोणी बघत नाही.

गाडी लागणार होती हे मात्र खरं. आम्ही सात माणसं: मी, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याची दोन पोरं. जुन्या गाडीत पाचच मावतात. आणि नवी आली तरी ती चालवणार होती थोरली सून. थोरल्याला गाडी मागे घेतानासुद्धा घाम फुटतो, धाकट्याला सगळं येतं पण फक्त तोंडाने. थोरली इस्पितळात नर्स आहे. सकाळी पोरांना शाळेत सोडते आणि तशीच हमरस्त्याने पंचवीस किलोमीटर जाते. तिचं आणि माझं गूळपीठ आहे असं नाही, भांड्याला भांडं लागतंच. पण संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तर रविवारी सकाळी आम्ही चौघं, मी, दोन्ही मुलगे आणि थोरली, वापरलेल्या गाड्यांच्या आवारात गेलो. मला का नेलं ते ऐका. मी एकतीस वर्षं गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली, दोन्ही मुलं त्याच पैशावर शिकवली, म्हणून नव्हे. "तिसऱ्या रांगेत माणूस मावतो का ते बघायला कोणीतरी हवं," असं धाकटा म्हणाला. म्हणजे वजन म्हणून नेलं.

गाडी दिसायला देखणी होती. राखाडी रंग, उंच, तीन रांगा, आरशासारखी पुसलेली. विकणाऱ्याने डोक्यावर गॉगल चढवला होता, सावलीतही, म्हणून मी त्याचं नाव गॉगल ठेवलं.

"एकाच मालकाची गाडी आहे साहेब," गॉगल म्हणाला. "चार वर्षं. शाळा आणि बाजार, बस्स. एक ओरखडा दाखवा."

धाकट्याने खिशातून यादी काढली. व्हिडिओ बघून चाळीस मुद्दे उतरवले होते. टायरला लाथ मारून झाली, इंजिनाला कान लावून झाला, दारांवर बोटाने टकटक करून झाली. दार अख्खं बदललेलं असेल तर टकटक करून काय डोंबल कळणार? पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेल्या माणसाला कोण सांगणार? किल्ली फिरवून तो थोरल्याला म्हणाला, "एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. म्हणजे ओके." आणि यादीवर बरोबरची खूण केली.

तेवढ्यात थोरलीने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि मला सीटची कड दिसली.

सीट कव्हरात कळतं कोणाला? लोक रंग बघतात, हात फिरवून मऊ आहे का बघतात. मी शिवण बघते. अशा गाड्यांत पुढच्या सीटच्या दाराकडच्या अंगात एक हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली की ती क्षणात फुगते आणि माणूस आणि दार यांच्यामध्ये येते. पण तिने सीट फाडून बाहेर यायला हवं ना. म्हणून मूळ कारखान्यात तिथली टीप मुद्दाम कच्ची घालतात. दोरा बारीक असतो, झटक्यात तुटेल असा. या सीटला त्याच जागी जाड नायलॉनची दुहेरी टीप होती. सरळ, एकसारखी, बैलाने ओढली तरी न तुटणारी.

"हे कव्हर कोणी शिवलं?" मी विचारलं.

"कंपनीचंच आहे मावशी," गॉगल म्हणाला.

"कंपनीचं नाही हे."

"आई, आधी मागे बसून घे," थोरला म्हणाला. "मग बघू तुझं कव्हर."

तुझं कव्हर! जसं काही मी घरून आणलं होतं.

गॉगलने खटका दाबून मधली सीट पुढे पाडली आणि मी त्या फटीतून मागे शिरले. बसल्यावर गुडघे हनुवटीला लागले. मधली सीट पुन्हा सरळ झाली आणि मी कोंडली गेले. तिथून बाहेर यायचं तर पुढच्याने उठून वाट करून द्यावी लागते.

आवाराबाहेरच्या रस्त्यावर चक्कर झाली. थोरली चालवत होती, शेजारी गॉगल, मध्ये माझे दोन्ही हुशार मुलगे. मी मागून ओरडले, "अरे, ती शिवण चुकीची आहे. त्या सीटवर तिला बसवू नका."

"आईला गुदमरतंय," धाकटा म्हणाला आणि त्याने एसी वाढवला.

"मला गुदमरत नाही. मी शिवणीबद्दल बोलतेय."

"मागे हवा येते का, आई?" थोरल्याने विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकट्या थोरलीने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं, पण समोरून ट्रक आला आणि तिला डोळे वळवावे लागले.

परत आलो तेव्हा गाडी पसंत होती. गॉगल म्हणाला, "चला, केबिनमध्ये चहा घेऊ, कागद करून टाकू." सगळे उतरले. दारं लागली. मी काच ठोकली. बाहेर धाकटा गॉगलच्या एका विनोदावर हसत होता. केबिनचं दारही लागलं.

मला विसरून गेले. सामानासकट, कारण माझी हातातली पिशवी मांडीवरच होती.

मग मात्र मी गुडघ्याची पर्वा केली नाही. मधल्या सीटच्या पाठीवर पोट टेकून पलीकडे घसरले, साडी खटक्यात अडकली ती ओढून काढली, दोन सीटांमधून पुढे सरकले आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. शिवण उसवायचं पातं माझ्या पिशवीत अजून असतं. दोन वर्षांपूर्वी काम सोडलं, पातं सुटलं नाही. दार उघडून मी सीटच्या कडेला ते घातलं आणि टीप खालपर्यंत उसवली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? आत हवेची पिशवी नव्हतीच. ती कधीतरी फुटून कामी आली होती. म्हणजे या 'शाळा आणि बाजार'वाल्या गाडीला बाजूने चांगलीच धडक बसली होती. तिच्या जागी फोमचे तुकडे कोंबले होते.

मी आनंदले. खोटं कशाला बोलू? आता या सगळ्यांना केबिनमधून कानाला धरून आणते आणि दाखवते, असं मनात आलं. मी फोम ओढून बाहेर काढला.

ते सुटे तुकडे नव्हते. फोमची वळकटी होती, काळ्या अस्तराच्या पट्टीत गुंडाळलेली, वरून हाताने तिरके टाके घातलेली. तुकडे नुसते कोंबले तर महिन्याभरात सरकतात, सीटला खळगा पडतो, बसल्यावर कुरकुर आवाज येतो. म्हणून वळकटी करायची. आमच्या कारखान्यात बारा बायका शिवायला होत्या. अकराजणी नुसते कोंबायच्या. "बाईंचं कामच चोख," असं मालक माझ्याबद्दल बोलायचा, आणि मी दिवसभर त्या एका वाक्यावर मशीन चालवायचे.

टाक्याच्या शेवटची गाठ मी अंगठ्याने चाचपली. दोन वेढे आणि दोरा आत लपवलेला. माझ्या आईने शिकवलेली गाठ.

केबिनचं दार धाडकन उघडलं. पुढे गॉगल, मागून मुलगे, शेवटी थोरली, हातात पेन तसंच.

"मावशी, काय केलंत हे!" गॉगल ओरडला. "चांगली सीट फाडली. साहेब, आता गाडी घ्यावीच लागेल तुम्हाला."

"आई, तुला काही कळतं का?" थोरला म्हणाला. "लोकांसमोर काय हे?"

"तू गप्प बस," मी म्हणाले. "सकाळपासून तुम्ही दोघं बोलताय. दिवा लागला, दिवा विझला. तो दिवा वायरमन दहा मिनिटांत फसवतो, आमच्या शेजारच्याच गाळ्यात बसायचा तो. आतली पिशवी फुटून गेलीय. या सीटवर तुझी बायको रोज पन्नास किलोमीटर बसणार होती, आणि तिच्या अंगाशी हे होतं."

मी वळकटी पुढे धरली. धाकट्याने आपली यादी बघितली आणि हळूच घडी घातली.

"आम्हाला काय माहीत, साहेब?" गॉगलचा गॉगल डोक्यावरून घसरला. "आम्ही गाडी अशीच घेतली. आत कोणी काय भरलं ते कुठल्या तरी कव्हरवाल्याचं काम. या मावशींना तरी खात्री काय, की ते आधीपासून..."

"कव्हरवालीचं," मी म्हणाले. "मी शिवलंय हे."

आवारात लांब कोणीतरी एक गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, थांबावं इथेच. कोणाला काय कळणार होतं? गाठ फक्त मला दिसत होती. मघापर्यंत मी जिंकले होते. पण थोरली माझ्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघून मला अर्धं बोलणं जमलं नाही.

"अशा सीटा यायच्या," मी म्हणाले. "फाटलेल्या, आतून रिकाम्या. पहिली आली तेव्हा मी मालकाला विचारलं, नवी पिशवी नाही का बसवायची? तो म्हणाला, बाई, गाडी विकायची आहे, चालवायची नाही. तुम्ही फक्त शिवा."

"मग?" थोरलीने विचारलं.

"मग शिवली."

एसी वाढवला म्हणून आज मी पोरांवर जळफळत होते. त्या दिवशी माझ्या नाकावरचा राग कुठे गेला होता? मी मूग गिळून मशीनवर बसले, आणि नुसती शिवली नाही, आवाज येऊ नये म्हणून अस्तरात गुंडाळून शिवली. बाकीच्यांच्या सीटा निदान कुरकुरत असतील. निदान कोणी उघडून बघत असेल.

"अशा किती शिवल्यात, आई?" थोरलीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"मोजल्या नाहीत," मी म्हणाले.

तिने पेन गॉगलच्या हातात दिलं आणि आमच्या जुन्या गाडीकडे चालू लागली. मागे मुलगे गॉगलशी भांडत राहिले. दोघांचे आवाज मोठे होते, आणि कोणाला तरी ओरडता येतंय म्हणून मोकळे वाटत होते. मला तेवढी सोय नव्हती.

मी आमच्या गाडीशी आले तेव्हा थोरला धावत आला, मागून धाकटाही. त्याने पुढचं दार उघडून धरलं. "आई, तू पुढे बस," तो म्हणाला. सकाळपासून, खरं तर कितीतरी वर्षं, मी हे ऐकायची वाट बघत होते. मी मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

थोरलीने गाडी काढली. आवाराच्या फाटकाशी तिने घराच्या बाजूचा इंडिकेटर दिला नाही. आरशातून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तुमचा कारखाना कुठल्या बाजूला?"

"आज रविवार आहे," थोरला म्हणाला.

"रविवारी चालू असतो," मी म्हणाले. "पुलाखालून उजवीकडे. मालक असतो तिथे."

"बेल्ट लावा, आई."

मी बेल्ट लावला. ती वळकटी मी आणली होती. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ओढून बघितली. चार वर्षांची गाडी, किती खड्डे, किती वळणं, तरी घट्ट होती. एक टाका सुटलेला नव्हता.