तीस अंडी आणि तिसरी अवस्था

देऊळघाटच्या खैरुन्निसा खालानं आपल्या गावरान कोंबड्यांची तीस अंडी भुशात बसवून डबा भाचीच्या हाती दिला, तेव्हा तोंडानं दुआ दिली आणि डोळ्यांनी दम.

"पिल्लं झाले तं निम्मे तुहे, फिजा. अन् सडले तं मी तुह्या कॉलेजात येऊनच बसतो."

फिजा बुलढाण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प म्हणजे थर्माकोलची एक पेटी, वर काचेचं झाकण, आत बल्ब, आणि तो बल्ब कधी लावायचा, कधी विझवायचा हे ठरवणारं तिचं गणित. वंदना मॅडम वर्गात सांगायच्या, 'या घडीचे जे आकडे हाती असले की पुढची घडी सांगता येते, ते आकडे म्हणजे त्या यंत्रणेची अवस्था.' फिजानं दोन अवस्था धरल्या होत्या: पेटीतली हवा किती तापली आणि अंडी किती तापली.

पंधरा दिवस गणित अगदी गुणी लेकरासारखं वागलं. साडेसदतीस अंश म्हणजे साडेसदतीस. सोळाव्या दिवशी दुपारी मात्र आकडा अडतीसावर गेला आणि चढतच राहिला. बल्ब तर कधीचा विझलेला! फिजानं सेन्सर बदलला. नवा सेन्सरही जुन्याचीच री ओढू लागला. एकोणचाळीसच्या वर फार वेळ गेला तर आतली पिल्लं हातची जाणार, हे तिला पाठ होतं. तिनं झाकण उचललं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसली.

वंदना मॅडम प्रयोगशाळेत आल्या तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"बल्ब बंद आहे मॅडम, तरी तापून राहिलं. कुठून येते ही उष्णता?"

"पेटीची चाचणी कशावर घेतली होतीस?"

"तीस बटाट्यांवर," फिजा हळूच म्हणाली. "अंड्याएवढेच निवडले होते, वजन करून."

मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले. "तुझ्या खालाला फोन लाव बरं. स्पीकरवर ठेव."

सगळं ऐकून खाला उखडलीच. "अवो, माही कोंबडी दाणे टिपाले उठते, तरी सोळा दिसाचे अंडे गरमच रायतात! आत जीव वाढून राह्यला पोरी. अंडं म्हंजे तुले काय आलू वाटला?"

आता मात्र मॅडमना हसू आवरेना. फिजाही डोळे पुसता पुसता हसू लागली, आणि हसता हसताच तिनं वही ओढली. तिसरी अवस्था! जिवाची स्वतःची ऊब. ती सरळ रेषेत वाढणारी नव्हती. आधी न कळण्याइतकी, मग झपाट्यानं, मग सावकाश. तिला मोजणारा सेन्सर नव्हता, पण बल्ब किती वेळ लागला आणि हवा किती तापली यावरून तिचा अदमास काढता येत होता. फिजानं बंद पडलेल्या कॉम्प्युटरातला पंखा पेटीच्या भिंतीत बसवला. आता गणित बल्बही सांभाळायचं आणि पंखाही. दिवस मावळायच्या आत आकडा साडेसदतीसावर आला.

पण त्या दुपारच्या तापानं आत काय झालं असेल, हे कोणतंच गणित सांगेना. पुढचे पाच दिवस प्रत्येक नमाजेतली तिची दुआ त्या पेटीपाशीच येऊन थांबायची.

एकविसाव्या दिवशी खाला सकाळच्या ऑटोनं कॉलेजात आली आणि पेटीच्या काचेला नाक लावून बसली.

"श्श! ऐक."

टक. टक टक. मग कवच तडकलं, आणि ओलं, वेडंवाकडं, रागावल्यासारखं एक पिल्लू बाहेर पडलं. त्याच्यामागून दुसरं. दुपारपर्यंत पेटीत नुसता चिवचिवाट! सव्वीस पिल्लं उभी राहिली होती. खालाचे डोळे भरून आले. "या अल्लाह! माह्या कोंबडीच्यानं बी एवढे झाले नसते."

तेवढ्यात प्रकल्प तपासायला परीक्षक येऊन उभे राहिले. वंदना मॅडम म्हणाल्या, "फिजा, सरांना तुझं मॉडेल समजावून सांग."

फिजा तोंड उघडणार, तोच खालानं मागे न पाहताच हात वर केला.

"थांबा न मॅडम जराशा. आणखी एक निघून राह्यलं."