कोरडे बूट

शॉनाने कॉरीच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट दाबून बसवलं, नळाखाली बोटं ओली केली आणि त्याच्या कपाळावर दोन थेंब शिंपडले.

"हा घाम की बर्फ?" कॉरीने विचारलं.

"आईंना जे वाटायचं ते वाटू दे. तू फक्त दमलेला दिस."

"दुपारी उठून, बसल्या जागी तीन कप चहा पिऊन दमलेलं कसं दिसायचं, तेही शिकव."

तिने हसत त्याच्या खांद्यावर कामाचं नारिंगी जाकीट टाकलं आणि फोन लावला. सासूबाईंच्या, म्हणजे व्हेराच्या, बाजूने मात्र काहीच दिसेना.

"कॅमेरा बिघडलाय माझा," पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "पण तू दिसतोयस, बाळा, तेवढं पुरे. किती ओढलाय रे चेहरा! सणासुदीलासुद्धा माणसाला राबवतात मेले. बूट काढलेस का? ओल्या बुटात बसू नकोस."

"काढले, आई," कॉरी म्हणाला. तो पलंगावर मांडी घालून बसला होता, लोकरी मोजे घालून.

फोन बंद झाल्यावर दोघं पोट धरून हसली. त्या हसण्यात कॉरीने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि ते उगाचच बराच वेळ पुसत बसला. शॉनाने ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

थाप तिनेच रचली होती. कंपनीने नाताळची रजा रद्द केली, यंदा न्यूफाउंडलंडला येणं जमत नाही. कॉरीची आई तिकडे समुद्रकाठच्या गावात एकटी. वसंतात तिचा नवरा गेला, त्यानंतरचा हा पहिलाच नाताळ. हे सगळं शॉनाला कळत होतं. पण लग्नाला दोन वर्षं होत आली तरी अख्खा आठवडा नवरा तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. तो पंधरवडाभर तेलवाळूच्या खाणीवरच्या छावणीत राहायचा, घरी यायचा तो झोपायला. आणि रजा मिळाली की देशाच्या या टोकावरून त्या टोकाला जाऊन सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसायचं. फोर्ट मॅकमरीतला हा तीन खोल्यांचा संसार तिला एकदा तरी पोटभर भोगायचा होता. एवढं मागणं म्हणजे काही पाप नव्हे, असं ती स्वतःला बजावत होती. ते रोज बजावावं लागत होतं, हेच वाईट.

संध्याकाळी दारावर काठी आपटली.

"मम्मर आलेत! आत येऊ का?" आवाज ओळखू येऊ नये म्हणून कोणीतरी श्वास आत ओढत, घोगऱ्या आवाजात ओरडलं.

शॉनाला आनंदाचं भरतं आलं. गावाकडे नाताळनंतर मम्मर बनून, म्हणजे सोंगं घेऊन, घरोघर फिरायची रीत होती आणि इतक्या लांब येऊनही न्यूफाउंडलंडच्या माणसांनी ती सोडली नव्हती. घरच्यांनी सोंग ओळखायचं. ओळखलं की तोंड उघडं करायचं, मग रम आणि केक. न ओळखता कोणाला परत पाठवणं म्हणजे घराला कमीपणा.

तिघं आत आली. एकाने झगा घालून छातीत दोन उशा कोंबल्या होत्या. दुसऱ्याच्या अंगात पुरुषी सूट, चेहऱ्यावर उशीची खोळ. तिसरं ठेंगणं सोंग पायघोळ कोळी कोटात बुडालं होतं. त्याच्या तोंडावर खिडकीचा जाळीचा पडदा होता आणि हातात जाड मोजे. ते काहीच बोललं नाही, नुसतं कॉरीकडे तोंड करून उभं राहिलं.

झगेवाल्याने ॲकॉर्डियन छेडताच कॉरी ओरडला, "गस! लेका, असला बेसूर या गावात दुसरा कोण वाजवणार?"

सूटवाल्याला शॉनाने गुदगुल्या केल्या. आतून किंकाळी आली, ती वरच्या मजल्यावरच्या, गावाकडच्याच लोरेटामावशीची. खोळ निघाली. मावशी घामाघूम, डोळे लकाकत होते.

"आता हा तिसरा ओळखा," ती म्हणाली. "नीट बघा हं. लांबून आलाय."

"आधी नाच, मग ओळख," म्हणत शॉनाने त्या सोंगाला धरून दोन गिरक्या घेतल्या. ते हलक्या पावलांनी नाचलं, मग दम लागून खुर्चीत बसलं.

गसने रमचा घोट घेतला. "कॉरी, आठवडाभर सुटी असून गावी नाही गेलास? तुझी आई बरी सोडते तुला!"

"सोडते कुठली!" शॉनाला रम थोडी चढली होती, आणि घर माणसांनी भरलं की तिची जीभ सैल सुटायची. "मी सोडवला." तिने हेल्मेट आपल्याच डोक्यावर घातलं, पलंगावर बसली आणि केविलवाणा चेहरा केला. "'काय करू आई, रजाच देत नाहीत!' वर दोन थेंब पाणी शिंपडलं. त्या म्हणतात कशा, 'किती ओढलाय रे चेहरा!'"

गस खो-खो हसला. कॉरीही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

"पुरे गं पोरी," लोरेटामावशी घाईने म्हणाली. "गस, वाजव ना तू."

"अहो मावशी, तुम्हाला नाही ठाऊक. तिकडे गेलं की आठ दिवस काय करायचं? सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचं आणि आईंचं रडणं ऐकायचं. माझाही सण आहे की नाही?"

मावशी हसली नाही. गसने पुन्हा वाजवायला घेतलं, पण रंग उतरला होता तो उतरलाच.

ठेंगणं सोंग उठलं आणि दाराशी गेलं. तिथे पायपुसण्यावर कॉरीचे कामाचे बूट पडले होते, एक आडवा, एक उभा. सोंग वाकलं, दोन्ही बूट जोडीने भिंतीशी लावले. मग उजव्या हातातला मोजा काढून त्याने आधी एका बुटात हात घातला, मग दुसऱ्यात, अगदी बोटांच्या टोकापर्यंत.

 शॉना पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा रोज संध्याकाळी तिने हे पाहिलं होतं. सासरे बोटीवरून आले की व्हेरा त्यांच्या बुटांत असाच हात घालून ओल बघायची आणि मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची.

हे बूट आठवडाभर कोरडे होते.

"ओळख ना गं," लोरेटामावशी म्हणाली. तिचा आवाज विनवणीचा होता. "एवढाच राहिलाय."

"राल्फ!" कॉरी म्हणाला. "गॅरेजवाला राल्फ!"

पडदा डावी-उजवीकडे हलला. मग ते तोंड शॉनाकडे वळलं आणि तिथेच थांबलं. नाव तिच्या ओठांवर होतं. घेतलं असतं, तर तो पडदा वर गेला असता आणि त्यामागचे डोळे बघावे लागले असते. डोक्यावर ते हेल्मेट अजून तसंच होतं.

"नाही बाई ओळखता येत," ती म्हणाली.

सोंगाने मान डोलावली आणि दार उघडून ते सगळ्यांच्या आधी बाहेर पडलं. मावशी त्याच्यामागे धावली.

"कोण होता गं तो?" कॉरी ग्लास विसळत म्हणाला. शॉना उत्तर देणार, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर व्हेराचं नाव होतं. शॉनाने उचलला.

"सहजच केला," व्हेरा म्हणाली. "जेवलात का? मम्मर आले होते तुमच्याकडे?"

"आले होते, आई."

"ओळखलंस सगळ्यांना?"

 फोनमध्ये गसचं ॲकॉर्डियन वाजत होतं, आणि तेच ॲकॉर्डियन डोक्यावरच्या छतातूनही येत होतं.

"एक राहिला," ती कशीबशी म्हणाली.

"राहू दे. होतं असं. कॉरीला म्हणावं, नीट झोप. दमला असेल."

फोन बंद झाला. तिसरं सोंग कोण होतं, ते शॉनाने कॉरीला एका वाक्यात सांगितलं. तो ग्लास हातात घेऊनच खाली बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण लाजेने पार गोळा झाला.

"तू जा आधी," तो म्हणाला. "मला तोंड नाही दाखवता येणार."

तोंड तिला तरी कुठे होतं? मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने उशीची खोळ काढली, कात्रीने डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली आणि डोक्यावरून ओढली. नारिंगी जाकीट उलटं घातलं, पायांत कॉरीचे बूट चढवले आणि थपथप करत जिना चढली.

"मम्मर आलेत," तिने श्वास आत ओढत म्हटलं. मग दार ठोठावलं.

दार लोरेटामावशीने उघडलं. ॲकॉर्डियन थांबलं. कोचावर व्हेरा बसली होती, उघड्या चेहऱ्याने, मांडीवर जाळीच्या पडद्याची नीट घडी. वर्षभरात केस पार पांढरे झाले होते. कॅमेरा चालू असायचा तेव्हाही फोनवर ते इतके जाणवले नव्हते. डोळे लाल होते.

 खोळीच्या आत शॉनाला स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. व्हेराने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. नजर पायांपाशी येऊन थांबली.

"बूट तर ओळखीचे दिसतात," ती अखेर म्हणाली. मग कोचावर जरा सरकून तिने शेजारी जागा केली. "बसू द्या गं तिला. आत कोण आहे ते बघू सावकाश. आठवडाभर आहे मी इथे."