समोरून पाहता दहा अंश

घड्याळजींनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं वेळेवर आणली आणि दुकान विकल्यावर शेडमध्ये दोन खुर्च्यांचं विमान बांधायला घेतलं. त्याला सहा वर्षं झाली. दुसरी खुर्ची बायकोसाठी होती. ती म्हणायची, "ज्याच्या तोंडून जन्मात कधी 'चुकलं' निघालं नाही, त्याच्या विमानात मी बसायची नाही." चुकतच नाही तर म्हणू काय, असं घड्याळजींना खरोखरच वाटायचं.

इंजिन जुन्या मोटारीतलं, रोटरी. त्यात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरगरतो. त्याला त्यांनी टर्बो जोडला होता. टर्बो हवा दाबून भरतो, तेव्हा ठिणगी जरा उशिरा पडावी लागते. लवकर पडली तर रोटरच्या कडेच्या पट्ट्या फुटतात आणि इंजिनाचा खुळखुळा होतो. म्हणून घड्याळजींनी इंजिनाच्या पुस्तकाबरहुकूम, 'समोरून पाहता', ठिणगीची वेळ ठरवणारा सेन्सर दहा अंश उजवीकडे फिरवून घट्ट केला. कमी वेगावर इंजिन झक्क चाललं. विमान पाहायला आलेल्या तपासनीसांनी उड्डाणाच्या कागदावर सही केली आणि ते आपल्या गाडीकडे निघाले.

बायको पुस्तक चाळत होती. "अहो, या चित्रात इंजिनासमोर पट्टा आहे. आपल्याकडे समोर पंखा कसा?"

"अगं, मोटारीतलं इंजिन विमानात उलटं बसवतात, त्यामुळे..."

बोलता बोलता त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. इंजिन उलटं, म्हणजे पुस्तकातलं 'समोर' आता मागे, आणि तिथून पाहता त्यांचं उजवं ते डावं. उशीर करायला निघालेल्या शहाण्यानं ठिणगी दहा अंश लवकर आणून ठेवली होती. जमीन सोडताना पूर्ण जोर दिला असता, तर झाडांच्या शेंड्यांवर इंजिन बंद पडलं असतं. घड्याळं मागून उघडून ज्यानं पोट भरलं, त्याच्याच दिव्याखाली हा अंधार!

सेन्सर गुपचूप फिरवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. छापखाना, हवामान, डावा गुडघा, दोष द्यायला माणसं आणि अवयव भरपूर होते.

तपासनीस गाडीत बसत होते. घड्याळजी अनवाणीच धावले. "साहेब, सही खोडा! ठिणगीची वेळ उलटी लावलीय. चुकलं माझं."

ते परतले तेव्हा बायको दुसऱ्या खुर्चीत बसली होती.

"अगं, आज उडायचं नाही."

"ऐकलं मी सगळं. खुर्चीचा पट्टा कसा लावायचा तेवढं दाखवा."

घाईघाईत पहिल्यांदा त्यांच्याकडून पट्टा पिळला गेला. "चुकलं," ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणायला बरंच सोपं गेलं.