चिरलेली नळी

सकाळी सव्वानऊला रॅकवरची एक बाटली गढूळ दिसली. ताईने ती दिव्यासमोर धरली. काल गाळलेला मीडिया, म्हणजे रोपांचं पातळ खाद्य. आत रोप नव्हतं. पाणी दुधाळलं होतं. जंतू शिरले होते.

तिने आधी कोपऱ्यातल्या बाटलीकडे धाव घेतली. तिच्यात आईच्या ऑर्किडचा शेवटचा कोंब होता. आई गेली, मागोमाग झाड कुजलं. उरला तो हा पेराएवढा जीव. ती बाटली अजून नितळ होती.

प्रयोगशाळेचा शिरस्ता कडक होता. नवा मीडिया काही दिवस नुसता ठेवायचा; नितळ राहिला, तरच त्यात रोप. पण कोंब बुडाशी काळा पडत चालला होता, म्हणून काल ताईनेच शिरस्ता मोडून तो ताज्या गाळलेल्या मीडियात लावला.

"गाळायची नळी धुतलीस कशी?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"नेहमीसारखी. गरम कॉस्टिक सोड्याने."

"आणि मग?"

त्याने मान खाजवली. "मग पाण्याने. गार. तू डोक्यावर बसली होतीस ना, आटप आटप करत."

नळी सिरॅमिकची. तिची छिद्रं इतकी बारीक, की जंतू मागेच अडतात. कोंबाला लागणारं वाढीचं संजीवक उकळलं की वाया जातं, म्हणून हा मीडिया गाळूनच निर्जंतुक करायचा.

"तापल्या कपावर गार पाणी ओतू नये, एवढं तरी कळतं ना?"

"कपाच्या वेळी तू घाई करत नाहीस."

भिजवलेली नळी पाण्यात बुडवून त्यांनी आतून हवा सोडली. धड नळीतून एवढ्या दाबाला बुडबुडा येत नाही. इथे मधोमध, चिरेतून, बुडबुड्यांची माळच लागली.

"कोंब बाहेर काढू या?" धाकटा हळूच म्हणाला.

"काढून ठेवू कशात? उकळलेल्या मीडियातच तर काळा पडत होता. आणि पुन्हा चिमटा लावला तर देठच हातात यायचा."

"आईने काय केलं असतं?"

"आपल्या दोघांना बाहेर काढलं असतं."

ताईने चिमटा ज्योतीवर धरला, निवू दिला आणि परत ठेवला. "राहू दे."

दुपारी आणखी दोन बाटल्या गढुळल्या. संध्याकाळी सहाला कोंबाच्या शेजारचीही गेली. कोपऱ्यातली नितळ होती आणि कोंबाचं टोक हिरवं होतं.