जपून ठेवलेला गुडघा

डॉक्टरीणबाईंनी विचारलं सासूला आणि उत्तर दिलं सुनेनं. ही कुठली रीत? ज्या मोठ्या बाईंच्या एका खाकरण्यावर शिवणाच्या कारखान्यातल्या बारा मशिनी गप्प होत, त्यांच्या तोंडाला काही कुलूप लागलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की दुसरी कुणी जागच्या जागी वाळली असती. सून वाळली नाही.

“काही त्रास नाही म्हणतील, ते खरं नाही,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांत दोनदा गुडघ्याने दगा दिला. एकदा तर हातात मोठी कात्री होती. आणि आई दिवसभर पाणी पीत नाहीत. उठून संडासापर्यंत जावं लागू नये म्हणून.”

परक्या बाईपुढे संडास काढला. मोठ्या बाईंची कानशिलं तापली.

“हिला माहेरी बोलायला कुणी भेटलं नसावं,” त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. “सगळं इथे येऊन सांडते.”

बोलल्या खऱ्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. काहीही विचारोत, दुखत नाही म्हणायचं. सकाळपासून त्या खोलीतल्या खोलीत न लंगडता चालायचा सराव करत होत्या. कारण दुखतं म्हटलं की कापतात. धाकटी जाऊ अशीच पाय धरून इस्पितळात गेली, ती खाटेवरून घरी आली आणि खाटेवरूनच गेली. जावेचं कमरेचं हाड मोडलं होतं, हे दुखणं वेगळं, असं मुलाने दहादा समजावलं होतं. भीतीला हाडाहाडातला फरक कळत नाही. आणि या दवाखान्याच्या भिंतीवर तर गुडघ्याचं हे भलंमोठं चित्र होतं, त्यात चकचकीत धातूची टोपी बसवलेली. आल्यापासून मोठ्या बाईंनी त्या भिंतीकडे पाठ केली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी उजवा गुडघा हळूच वाकवला, वाटीवर तळवा ठेवला. आत वाळूवर पाय पडावा तसं करकरलं. खोलीतल्या तिघींनीही ते ऐकलं.

“हाडांचा फोटो काढू या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उभं राहून.”

फोटो येईपर्यंतची अर्धी घटका मोठ्या बाईंनी बाकावर पदराचं टोक पिळत काढली. कात्री कुणाच्या हाती द्यायची? फरशीवर तागा पसरून, गुडघे टेकून, खडूची एक रेघ ओढून शाळेचे सदरे बेतायचे, हे काम चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. आता खाटेवर पडून बटणं मोजायची. सून शेजारी बसून होती. तिने हात धरला नाही, ते बरं केलं.

फोटो उजेडावर लावला गेला.

“इथे दोन हाडांमध्ये गादी असते. ती झिजली आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ते मला औषधांच्या दुकानदारानेच सांगितलं होतं. झीज आहे, जपा. म्हणून वर्षभर जपला. जिना दिवसातून एकदाच. उगीच फिरणं नाही. फिरून आणखी झिजवायचा का?”

“आणि बेतायला?”

“बेतायला बसायलाच लागतं. गुडघ्यावर, तीन तास.”

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे जिथे चालवायचा तिथे बसवून ठेवलात, आणि जिथे सांभाळायचा तिथे रगडलात. न चालून मांडीचे स्नायू सुकले. गुडघ्याला धरून ठेवतात तेच. म्हणून तो मध्येच सुटतो.”

“तुझ्यापेक्षा माझी काजाची मशीन वयाने मोठी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“ती वर्षभर झाकून ठेवली तर?”

अडकते, हे शेंबडं पोरही सांगेल. वस्तू जपून वापरायच्या ज्या कंजुषीचा जन्मभर अभिमान बाळगला, तिनेच पाय खाल्ला होता. जे तोंडातून काढायचं नव्हतं तेच निघालं. “कापायचं कधी?”

“आत्ता कापायचं काही नाही. तो शेवटचा उपाय. त्याआधी पुष्कळ काही आहे, आणि तो करायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं.”

मोठ्या बाईंचा विश्वास बसला नाही. भित्र्या माणसाला असंच गोड सांगतात. तरी त्या ऐकत राहिल्या. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती दाबायची. सपाट रस्त्यावर रोज थोडं चालायचं. चार-पाच किलो वजन उतरवायचं. लावायला मलम. गोळी अडीनडीलाच, जेवल्यावर, आणि दुकानदाराला विचारून नाही. सूज फारच आली तर सांध्यात इंजेक्शन, त्याचा आराम काही आठवडेच. पाणी भरपूर. फरशीवर बसणं बंद. काठी डाव्या हातात.

“दुखतो उजवा.”

“म्हणूनच डाव्या.”

हे तर उलटंच, असं मोठ्या बाईंना वाटलं. पण दवाखान्यातूनच घेतलेली काठी डाव्या हातात धरून पायऱ्या उतरून पाहिल्या, तर भार खरंच हलला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पहिला आठवडा भयाचा गेला. पाय उचलला की आत करकर होई, आणि आत्ता काहीतरी तुटेल म्हणून त्या श्वास धरून बसत. सून दारात उभी राहून आकडे म्हणे. “सात... आठ... आई, श्वास घ्या.” “तू आकडे म्हण, श्वास माझा मी बघते.” तिसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं नव्हतंच, पण गुडघा सुटला नव्हता. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. मुंगी निघाली होती, एवढंच.

मग उभ्याने बेतता यावं म्हणून सुताराने कमरेइतकं उंच टेबल आणून ठेवलं. शाळा उघडायला महिना राहिला होता. मोठ्या बाईंनी टेबलावर पसरलेल्या कापडावर बाहीची रेघ ओढली आणि कात्री उचलली. चाळीस वर्षं हात फरशीवरून चालला होता. उभ्याने चालला नाही तर? बाराही मशिनी थांबल्या. कुणी वर बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या बघत होत्या.

पहिली बाही बोटभर भरकटली. खाट, बटणं, जाऊ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी तो तुकडा बाजूला सारला, काठी टेबलाला टेकवली, दोन्ही पायांवर नीट उभ्या राहिल्या. गुडघा करकरला आणि टिकला. दुसरी बाही रेघेवरून निघाली. तिसरीला त्यांनी कापडाचे आठ थर एकदम घेतले.

काम झाल्यावर त्या उंच स्टुलावर टेकल्या. सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. मोठ्या बाईंनी तो निम्मा रिकामा केला, तोंड पुसलं, आणि सगळ्या मशिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“तू चोंबडी आहेस. घरातलं बाहेर काढलंस, तेही माझ्या तोंडावर. पण मी किती घाबरले होते हे तुला दिसत होतं, आणि तेवढं एकच तू सांगितलं नाहीस. पुढच्या तपासणीला बरोबर तूच ये. खोटं बोलले तर खुशाल सांग. फक्त आधी मला पुरतं बोलू देत जा.”